त्याने खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या, आणि आम्ही ठेवल्या

आमचं घर सांगलीत, गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट, यावरून काय ते समजा. आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर गाळ उपसला आणि दिवाळीच्या आत भिंतींना पुट्टी मारून रंग देऊन टाकला. भिंत आतून वाळलेली नव्हती. तेव्हापासून सासूबाईंच्या खोलीत दर पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि कॉटमागे काळे ठिपके उमटतात. आईंना जुना दमा.

मागच्या पावसाळ्यात दुपारी दोन मुलं दारात आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात फाइल. "काकू, पूरग्रस्त भागात घरातल्या हवेची मोफत तपासणी चालू आहे." सरकारी काम असावं असं वाटलं, मी आत घेतलं.

पुढचं मी नीट सांगते, कारण फसवणूक तिथेच होती. आईंच्या खोलीत शिरताना एकाने खिशातून सॅनिटायझर काढून हाताला चोळलं. "घरात आजी आजारी आहेत, काळजी घेतलेली बरी." मला बरंच वाटलं. मग त्याच हातात मोबाइलएवढा मीटर धरून तो ठिपक्यांजवळ नेला. आकडा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल झाला. "फॉर्मल्डिहाइड आहे काकू, विषारी वायू. आजी रोज हेच ओढतात." नंतर त्यांनी एक पांढरं मशीन लावलं आणि दहा मिनिटं आईंशी गोडगोड गप्पा मारल्या. पुन्हा मीटर धरला, तर हिरवा. आई माझ्याकडे बघत होत्या. अशा वेळी माणूस पैशाकडे बघत नाही.

मशीनचे 18,500 आणि भिंतीला 'बुरशीरोधक' रंगाचे 9,000, असे 27,500 रुपये दिले. पावती साध्या पॅडवरची, त्यावर जीएसटी नंबर नाही, पत्ता अर्धवट. जाताना बजावून गेला, "खिडक्या उघडल्या तर मशीनचा उपयोग नाही. चोवीस तास चालू ठेवा."

आम्ही ठेवलं. खिडक्यांच्या फटीत कापडसुद्धा कोंबलं. खोलीला एक वेगळाच, टोचणारा वास यायचा, त्याला आम्ही शुद्ध हवा समजलो. तीन आठवड्यांत आईंचा घसा खवखवायला लागला, कोरडा खोकला सुरू झाला, रात्री उठून बसायला लागल्या. पंप दोनदा ओढायच्या ते चार-पाच वेळांवर गेलं. मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषधं बघितली, छाती तपासली आणि विचारलं, "घरात नवीन काय आणलंय?" मी मशीनचं सांगितलं. "वास कसला येतो?" मी म्हटलं, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा. ते म्हणाले, "आज घरी गेल्यावर आधी ते बंद करा."

तो वास ओझोन या वायूचा. हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली काही मशिनं मुद्दाम ओझोन सोडतात. ओझोन फुप्फुसांच्या आतल्या अस्तराला चुरचुर लावतो, दमेकऱ्याला तर लवकर. माणसाला सोसेल इतक्या ओझोनने बुरशी मरत नाही, आणि मरेल इतका सोडला तर माणसाला राहता येत नाही. शिवाय मेलेली बुरशीही श्वासाला त्रास देतेच. ती खरवडून काढावी लागते आणि ओल थांबवावी लागते. ओलसर, बुरशी आलेल्या घरात दमा आणि श्वासाचे विकार वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच मार्गदर्शक पुस्तिका काढून सांगितलंय. आम्ही ओल आत ठेवली, तिच्यात ओझोन सोडला आणि खिडक्या लावून घेतल्या.

आणि तो लाल आकडा? पुतण्याने तसाच स्वस्तातला मीटर मागवला. अंगणात, मोकळ्या हवेत धरला तेव्हा हिरवा. मग मी हाताला सॅनिटायझर चोळून तो धरला. लाल! असले स्वस्त सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही फॉर्मल्डिहाइड समजतात. दहा मिनिटांच्या गप्पांत अल्कोहोल उडून गेलं, म्हणून दुसऱ्यांदा हिरवा आला. मशिनीने काहीच केलं नव्हतं. त्या अंगणात मला रडू आलं, कारण आईंच्या नजरेतली भीती त्याने पाहिली होती आणि तीच विकली होती.

नवा रंग तोवर फुगून सालासारखा सुटायला लागला होता. शेवटी गवंडी बोलावला. त्याने ठोकून बघितलं आणि पाच फुटांपर्यंतचा गिलावा उतरवला. आतली वीट हाताला गार लागत होती, पांढरा लोणा बाहेर आलेला. पलीकडे न्हाणीघराचा पाइप जोडावर गळत होता, ओल पुराची आणि त्याची मिळून. पाइप बदलला, भिंत तीन महिने उघडी ठेवली, न्हाणीघरात एक्झॉस्ट बसवला. आईंची कॉट भिंतीपासून हातभर पुढे घेतली आणि समोरासमोरच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघड्या ठेवतो. खोकला महिन्याभरात उतरला. पंप पुन्हा दोनदाच.

तुमच्याकडे कोणी मीटर घेऊन आलं, तर तो आधी अंगणात धरायला सांगा, आणि हात साबणाने धुवून. पक्कं बिल मागा. मशीन ओझोन किंवा 'आयन' (विजेचा भार असलेले कण) सोडतं का, हे लेखी मागा. खिडक्या बंद ठेवा म्हणाला, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पावतीवरचा मोबाइल नंबर बंद आहे. मशीन पुरावा म्हणून खोक्यात भरून माळ्यावर ठेवलंय. अशीच पांढरी मशिनं गावभागात, खणभागात आणखी कुणाच्या घरी चालू असतील, तर आधी प्लग काढा आणि मग आम्हाला कळवा. अर्ज एकत्र करू.