३४ इंची कर्व्ह मॉनिटर: नवा म्हणून जुना गळ्यात मारतात तो असा

कुडाळमधल्या एका कॉलेजच्या मुलाने गेमिंगसाठी ३४ इंची अल्ट्रावाइड कर्व्ह मॉनिटर १८,५०० रुपयांना घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं: ३४४० बाय १४४० (पडद्यावरचे आडवे-उभे पिक्सेल), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा बदलणारं चित्र), १०००आर (पडद्याची वक्रता, आकडा लहान तितका बाक जास्त), फक्त खोका उघडलेला, वापर नाही. घरी आला तो १०० हर्ट्झचा, १८००आरचा, बराच वापरलेला मॉनिटर. मागे स्टिकर मात्र नव्या मॉडेलचं. दोन तासांत पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटली. विकणारा काही दिवस गोड बोलत राहिला आणि मग त्याने नंबर ब्लॉक केला.

यात मुलाचा बावळटपणा शोधत बसू नये. सौदाच असा बेतलेला असतो की तपासायची वेळ येईपर्यंत पैसे गेलेले असतात. एवढ्या रुंद पडद्याचा मॉनिटर आपल्याकडच्या दुकानांत मांडलेला क्वचितच दिसतो, म्हणून पोरं तो मुंबईहून मागवतात आणि माल रात्रीच्या लक्झरीच्या डिकीतून येतो. ५,००० रुपये आधी यूपीआयने, बुकिंग पक्कं करायला. उरलेले गाडी तिठ्यावर पोचल्यावर. पहाटे गाडी पाचेक मिनिटं थांबते. पैसे आल्याचा विकणाऱ्याचा फोन आल्याशिवाय क्लीनर खोका खाली देत नाही. त्याचा या भानगडीशी संबंध नसतो, त्याला पार्सलचं भाडं मिळालं की झालं. रस्त्याच्या कडेला, पावसात, ना वीज ना कॉम्प्युटर. तिथे कोण काय तपासणार?

व्हिडिओ कॉल झाला होता, पण त्यात पडद्यावर गेम पळताना दिसली, एवढंच. फोनच्या कॅमेऱ्यातून १०० आणि १६५ हर्ट्झमधला फरक कळत नाही, आणि मागचं स्टिकर कॉलवर एकदाही दाखवलेलं नव्हतं.

खरी चलाखी पुढे आहे. विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन पाहिलं तर १००च्या वरचा आकडाच नाही. विकणारा म्हणाला, "दादा, एचडीएमआयवर एवढेच येतात, डिस्प्लेपोर्टची केबल लावा." एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर कॉम्प्युटरला जोडायच्या दोन तऱ्हा. ही सबब पचते, कारण ती अर्धी खरी आहे. एचडीएमआय २.० वर ३४४० बाय १४४०ला साधारण १०० हर्ट्झच मिळतात. केबल मागवण्यात आठवडा गेला. डिस्प्लेपोर्ट १.४ वर १६५ हर्ट्झ सहज बसतात, तरी यादीत १००च. मग "तुमचं ग्राफिक कार्ड जुनं आहे", मग "ड्रायव्हर टाका". या वेळकाढूपणात पैसे दुसऱ्या खात्यात सरकतात आणि जाहिरातही काढली जाते. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच की डिस्प्लेपोर्टची चांगली केबल मॉनिटर यायच्या आधी घरात असू द्या.

वक्रता तपासायला तर वीजही लागत नाही. १०००आर म्हणजे १००० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३४ इंची अल्ट्रावाइडचा पडदा साधारण ८० सेंटिमीटर रुंद असतो. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा आणि मधोमध दोऱ्यापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. १०००आर असेल तर ते ८ सेंटिमीटरच्या थोडं वर भरतं, १५००आर असेल तर साडेपाचच्या आसपास, १८००आरला साडेचार. त्या मुलाच्या मॉनिटरला साडेचार भरलं. दोघांनी मिळून दोन मिनिटांत होणारं हे काम आहे, आणि यावर सबब सांगता येत नाही.

पुढची तपासणी सिरियल नंबरची. खोक्यावरचा आणि मॉनिटरच्या मागचा नंबर जुळलाच पाहिजे, आणि आतल्या चिपमधलाही सहसा जुळतो. चिपमधली नोंद, म्हणजे ईडीआयडी, मॉनिटरइन्फोव्ह्यू या फुकट प्रोग्रॅममध्ये वाचता येते. त्यात मॉडेलचं नाव आणि उत्पादनाचा आठवडा व वर्षही असतं. स्टिकर बदलणं सोपं, पण चिप पुन्हा लिहिणं तितकं सोपं नाही, म्हणून किरकोळ लबाड तिथे पकडला जातो. नंबर जुळले तरी तो कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटी भारतातली आहे ना, ते पाहा. परदेशातून कुणीतरी आणलेल्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर बहुधा हात लावत नाही.

मुरलेला लबाड पडदा चालवणारा आतला बोर्डच बदलतो. मग विंडोजमध्ये १६५ दिसतात, पण पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, मधल्या काही फ्रेम (एकेक चित्र) गाळतं. यासाठी टेस्टयूएफओच्या साइटवर फ्रेम स्किपिंगची चाचणी आहे. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंदावर ठेवून पडद्याचा फोटो काढा. १६५ हर्ट्झला सोळा-सतरा चौकोन सलग उजळलेले दिसायला हवेत. मध्ये रिकामे चौकोन दिसले तर तो आकडा खोटा. अशाच बोर्डाने २५६० बाय १०८०चं पॅनल ३४४० बाय १४४० म्हणून खपवतात. एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचं चित्र पूर्ण रिझोल्यूशनवर, १०० टक्के आकारात उघडा. खऱ्या पॅनलवर रेघा वेगवेगळ्या दिसतात, खोट्यावर राखाडी पट्टे लाटांसारखे उठतात.

आता ती हिरवी रेघ. पॅनलच्या कडेला ड्रायव्हर चिप असलेल्या पातळ फिल्मच्या पट्ट्या असतात, आणि त्या काचेला उष्णता व दाबाने चिकटवलेल्या असतात. एखादा सांधा सुटला की तेवढ्या भागात उभी रेघ येते. बाँडिंग मशीनवर ती पट्टी पुन्हा दाबून घेतली की रेघ जाते, आणि मॉनिटर विकायला तयार. पण गाडीचे हादरे आणि पॅनलची गरमी मिळाली की असा सांधा पुन्हा सुटू शकतो. पाच मिनिटांच्या डेमोत हे कळत नाही. ब्राइटनेस पूर्ण ठेवून निदान तासभर चालवा, पांढरा आणि करडा पडदा आलटून पालटून लावा. रेघ आली आणि कड हलकी दाबल्यावर ती नाहीशी झाली, तर दोष सांध्यातच आहे. त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. नवं कर्व्ह पॅनल सुटं मिळणं कठीण, आणि मिळालंच तर किंमत मॉनिटरच्या जवळपास जाते.

"तुमच्याकडच्या खाऱ्या हवेने झालं", "लाइट सारखी जाते ना तुमच्याकडे" हेही ऐकायला मिळतं. खारी हवा वस्तू खाते, यात वाद नाही, पण ती पोर्ट, स्क्रू, पिना यांपासून सुरुवात करते आणि तिला महिने लागतात. पहिल्याच संध्याकाळची रेघ तिच्या माथी मारता येत नाही. व्होल्टेजच्या झटक्याने अडॅप्टर किंवा पॉवर बोर्ड जातो, सिरियल नंबर बदलत नाही.

बिल दिलं असेल तर तेही वाचा. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ३२ इंचांवरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, तेव्हापासून १८ आहे. त्याआधीच्या तारखेचं ३४ इंचीचं बिल १८ टक्क्यांनी केलेलं असेल तर ते बिल खोटं किंवा माल चुकीचा दाखवलेला. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर २७ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर तो घातला की दुकानाचं नाव येतं.

स्वस्तात घ्यायचाच असेल तर मुंबईतल्या चाकरमान्यांची मदत घ्या. मामा, चुलतभाऊ, कुणीही चालेल. लॅपटॉप आणि सी-टाइप ते डिस्प्लेपोर्ट केबल घेऊन त्याने विकणाऱ्याकडे जावं (लॅपटॉपचा सी पोर्ट डिस्प्लेला चालणारा हवा), तासभर मॉनिटर चालवावा आणि मगच पैसे द्यावेत. विकणारा घरी येऊ देत नसेल तर सौदा तिथेच सोडायचा. आणताना खोका उभाच ठेवा. कर्व्ह पॅनल आडवं टाकून वर बॅगा रचल्या तर काच तडकते.

फसवणूक झालीच असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गाठलं तर ती गोठवता येते. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट भांडण सुरू करण्याआधी काढा. विकणारा दुकानदार असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. घरगुती विक्रेता असेल तर पोलीस ठाणं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक). "परत पाठवा, मग पैसे देतो" यावर मॉनिटर गाडीत चढवू नका. तक्रार मिटेपर्यंत तो, खोका आणि दोन्ही स्टिकरं हाच पुरावा आहे.