बहात्तरच्या आठवणी: माहितीपट की चित्रफिती?

१९७२च्या दुष्काळावरचं संशोधन गावाला कसं दाखवावं, भाचीला कळेना. सलग माहितीपट, की मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती?

खर्चात चित्रफिती सरस; मोबाइल आणि कॉलर माईक पुरतो. माहितीपटाला संकलक हवा, महिने जातात. पण दुष्काळी कामांवर खडी फोडलेली आजी बोलता बोलता थांबते, तळहात न्याहाळते, तांबड्या मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीच्या आठवणीनं तोंड वाकडं करते. दोन मिनिटांच्या फितीत हा थांबा हमखास कापला जातो. रोजगार हमी त्या कामांतून कशी उभी राहिली, हेही माहितीपटातच नीट उलगडतं. मूळ चित्रीकरण मात्र दोन हार्डडिस्कवर ठेवाच. व्हॉट्सअ‍ॅपवर दर्जा घसरतो.

ग्रामसभेत, शाळेत बोलतं करायचं तर चित्रफिती. कारणमीमांसा मांडायची तर माहितीपट. भाचीला म्हटलं, आधी चित्रफिती कर. आज्या ऐंशीच्या पुढे गेल्यात.