मुरुमांचे खड्डे: डर्मापेन, एमएनआरएफ, सबसिजन की पीआरपी?

मशिन निवडण्याआधी खड्डा ओळखा. उजेड एका बाजूने गालावर येईल असं उभं राहा आणि दोन बोटांनी त्वचा ताणा. खड्डा जवळपास नाहीसा झाला तर तो रुंद, उथळ प्रकारचा. ताणूनही कडा उभ्याच दिसल्या तर चौकोनी. टाचणी टोचल्यासारखं अरुंद, खोल भोक असेल तर खाली दिलेल्या कशानेच फारसा फरक पडत नाही. त्यासाठी टीसीए क्रॉस असतं, म्हणजे भोकात तीव्र आम्लाचा अगदी बारीक थेंब. नुसते तपकिरी डाग असतील तर सुईची घाई करू नका. सनस्क्रीन आणि क्रीमने ते बहुतेक वेळा फिके होतात.

उथळ ते मध्यम खड्ड्यांसाठी सुरुवात डर्मापेनने, म्हणजे त्वचेला बारीक सुया टोचणाऱ्या पेनसारख्या मशिनने करावी; ताणल्यावर जाणाऱ्या खड्ड्यांना मात्र आधी सबसिजन, ते पुढे येतं. आधी 45 ते 60 मिनिटं बधिर करणारं क्रीम लावतात. गालावर सुया साधारण 1.5 ते 2 मिमी जातात, कपाळावर हाड जवळ असल्याने त्याहून कमी. रक्ताचे बारीक ठिपके दिसले की थांबायचं; त्यापुढे घासत राहिलं की फायदा वाढत नाही, जखम वाढते. लाली एक ते तीन दिवस राहते. 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने 3 ते 6 सिटिंग लागतात आणि कोलॅजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) भरायला पुढे काही महिने जातात, त्यामुळे लग्नाच्या महिनाभर आधी सुरू करून उपयोग नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझरने काळे डाग उठण्याची भीती जास्त. इथे उष्णता नसल्याने ती बरीच कमी.

एमएनआरएफ म्हणजे मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी; त्यात सुयांच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता आत सोडतात. जुने, खोल खड्डे आणि सैल त्वचा यांना ती डर्मापेनपेक्षा जास्त लागू पडते, खर्चही जास्त. पण चूक झाली तर ती महागात पडते: भाजणं, चौकटीसारखे ठिपक्यांचे डाग, त्वचेखालची चरबी कमी होऊन गाल बसणं. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) याच तक्रारींवरून इशारा दिला. गाल मुळातच बारीक असतील तर खोली किती ठेवणार हे आधी विचारा. सुया इन्सुलेटेड (टोक सोडून बाकी भागावर उष्णता अडवणारं आवरण असलेल्या) आहेत का, तेही विचारा; त्यांनी वरचा थर भाजण्याचा धोका कमी होतो.

ताणल्यावर जाणारा खड्डा तळाशी तंतूंनी खाली ओढलेला असतो. तो ओढा सबसिजनने तुटतो: जागा बधिर करून त्वचेखाली जाड सुई आडवी फिरवतात. आठवडा-दोन आठवडे काळंनिळं दिसतं. तरीही अशा खड्ड्यांना आधी हेच करावं. तंतू तसेच ठेवून डर्मापेनच्या सहा सिटिंग घेणं म्हणजे बरेचसे पैसे वाया.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळा केलेला प्लेटलेटचा भाग. डर्मापेनच्या जोडीला ठीक. एकट्याने खड्डे भरेल ही अपेक्षा नको. नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं गेलं पाहिजे, सुई-सिरिंज नवीन हवी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये अशा फेशियलमधून एचआयव्हीची लागण झाल्याचं तपासात निघालं आहे.

घरी वापरायचा सुयांचा रोलर खड्ड्यांसाठी घेऊ नका. फिरताना सुया तिरक्या घुसतात, लवकर बोथट होतात आणि त्वचा ओरखडते. घरी नीट निर्जंतुक करणंही अवघड.

पिकलेले मुरूम, ओठावर नागीण किंवा केलॉइडची (जखमेचा व्रण फुगून वाढत जाण्याची) प्रवृत्ती असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे औषधही लपवू नका. महाराष्ट्रात असाल तर डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. सुयांचं कार्ट्रिज सीलबंद असावं, तुमच्यासमोर फोडावं आणि नंतर फेकावं.

सिटिंगनंतर पहिल्या दिवशी साधं मॉइश्चरायझर पुरतं. व्हिटॅमिन सी सीरम छिद्रांतून आत गेल्याने गाठी आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ते आणि रेटिनॉल निदान आठवडाभर बाजूला ठेवा.