डॅम्पिंग शीट लावून घेतली: दारं आणि छताला हो, फुल पॅकेजला नाही

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांना पुढचं सगळं वाचायला नको. चार दारं आणि छत, एवढ्याला ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवणारी चिकट रबराची शीट, लावून घ्यायला माझा पूर्ण हो आहे. फ्लोअर, डिकी, बॉनेट, व्हील आर्च सगळं मिळून जे फुल कार सायलेंट पॅकेज म्हणून गळ्यात मारतात ना, त्याला माझा नाही. आणि एक्सप्रेस वेला शंभरच्या स्पीडला टायरचा जो घूंऽऽ चालू असतो तो घालवायला म्हणून कोणी हे करणार असेल तर त्याने जरा थांबावं आणि ते पैसे टायरला ठेवावेत.

गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल-सीएनजी, चार-पाच वर्षं वापरलेली. मॉडेल सांगत नाही कारण या रेंजमध्ये थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तेच आहे, बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास आणि दार ओढलं की बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज. यात कंपनीला शिव्या देण्यात काही अर्थ नाही हो, शोरूममध्ये गेल्या गेल्या आपणच आधी मायलेज विचारतो आणि मग डिस्काउंट, मग गाडी हलकीच बनणार.

आता ही शीट नक्की करते काय ते समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो आणि दुकानदार तो गोंधळ तसाच ठेवतात. खाली चिकट ब्यूटाइल रबर, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, मागे सोलायचा कागद, बास. लोकांना वाटतं ही शीट बाहेरचा आवाज अडवते. तसं नाही. पत्रा जेव्हा थरथरतो तेव्हा मधलं ब्यूटाइल पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये ताणलं जातं आणि त्या थरथरीची एनर्जी अगदी किंचित उष्णता होऊन जिरते, म्हणजे पत्रा स्वतः जो आवाज काढायचा तो बंद होतो. बाहेरून हवेतून जो आवाज येतो, शेजारच्या ट्रकचा हॉर्न म्हणा, वारा म्हणा, तो यायचा तसा येतोच. त्याला अडवायला वजन लागतं आणि भेगा बुजवाव्या लागतात, तो प्रकारच वेगळा.

म्हणूनच पूर्ण पत्रा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाकायची गरज नसते. पत्रा मध्यभागी जास्त हलतो, कडेला जिथे वेल्ड आणि फोल्ड असतात तिथे तो आधीच टाइट असतो, त्यामुळे मधला पाव ते अर्धा भाग नीट कव्हर केला की बरंचसं काम होऊन जातं. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही कारण शीट स्क्वेअर फुटावर विकली जाते.

तपासायची पद्धत एकदम सोपी आहे, डोअर पॅड (दाराचं आतलं प्लास्टिकचं कव्हर) काढल्यावर बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकायचं, टण्ण वाजलं तर तिथे शीट पाहिजे, थप्प वाजलं तर पुढे सरका. आमच्या मेकॅनिकने हेच केलं, दारभर ठोकत फिरला आणि खडूने खुणा करत गेला, मला त्याच्याबद्दल तिथेच विश्वास वाटला.

खरेदीचं सांगतो. मी पुण्यात नाना पेठेत फिरलो, ऑनलाइनपण बघितलं. डायनामॅट, थ्रीएम, एसटीपी ही शीटच्या ब्रँडची नावं सगळ्यांना माहिती आहेत आणि त्यांच्या किमतीपण त्याच हिशोबाने. मी शेवटी एक साधी कमी नावाची २ मिमी शीट घेतली, साधारण १२० रुपये स्क्वेअर फूट पडली, पण घेण्याआधी तुकडा मागून घरी आणला. का, तर बाजारात ब्यूटाइल म्हणून डांबराची शीट सर्रास देतात. डांबराची शीट नाकाजवळ धरली की नवीन रस्त्याचा वास येतो, ब्यूटाइलला असा वास जवळजवळ नसतोच. दुसरं म्हणजे ब्यूटाइल ओढलं की च्युइंगमसारखं लांबतं, डांबराचं गार असताना वाकवलं तर तडकतं. तुकडा एका स्टीलच्या ताटलीला चिकटवून ताटली उभी करून मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवून दिला, घसरला नाही, कडेने वितळून आला नाही, मगच ऑर्डर दिली. (ताटली परत मागितली तेव्हा घरात काय ऐकून घेतलं ते सोडा.) नागपूर-अकोल्याकडच्या लोकांनी तर ही टेस्ट केल्याशिवाय घेऊच नका, ४५ डिग्रीच्या उन्हात उभ्या गाडीचं छत हात लावू देत नाही, तिथे डांबराची शीट मऊ होऊन लोंबायला लागते आणि मग गाडीत बसलं की डोकं उठतं वासाने.

फॉइलपण बघा. शंभर मायक्रॉनच्या आसपास असेल तर नखाने दाबल्यावर पटकन सुरकुती पडत नाही. चॉकलेटच्या कागदासारखी पातळ असेल तर ती फक्त चमकायला आहे, ताण धरणारच नाही, आणि ताण धरणं हेच तिचं काम आहे.

आता दारं. डोअर पॅड काढला, मागची प्लास्टिकची मेम्ब्रेन सावकाश सोलली, आतल्या होलमधून हात घालून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आधी फडक्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. ही पुसापुशी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची, धूळ आणि कंपनीच्या मेणाच्या कोटिंगवर कुठलीच शीट धरत नाही. मग तुकडे कापून लावायचे आणि लाकडी किंवा लोखंडी छोट्या रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचे. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे. थंडीत करणार असाल तर हीट गन हलकी फिरवावी लागते, आम्ही उन्हाळ्यात केलं त्यामुळे गरज पडली नाही. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते आणि दाराच्या आत हात घातल्यावर ते कळत पण नाही, रक्त दिसल्यावर कळतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं, जे कोकणातल्या आणि मुंबईच्या लोकांनी डोक्यात पक्कं ठेवावं: काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, ते जाण्यासाठीच असतं, आणि दाराच्या तळाला जी छोटी भोकं असतात त्यातून ते बाहेर पडतं. घाईत काम करणारे पोरं शीट तळापर्यंत नेऊन ती भोकं बुजवतात. माझ्या एका मित्राच्या गाडीत हेच झालं, दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं आणि एका पावसाळ्यात खालून गंज फुटला. तळापासून दोन-तीन इंच जागा सोडा, काम झालं की बाटलीभर पाणी काचेच्या फटीत ओता आणि खालून बाहेर पडतंय का ते दुकानातच बघा. मेकॅनिक हसला तर हसू दे. आणि जी प्लास्टिकची मेम्ब्रेन काढली ती परत लावायलाच पाहिजे, शीट आहे म्हणून ती फेकून द्यायची नाही. काच वर-खाली करून बघायची, रॉड कुठे शीटला घासतोय का. एक गोष्ट अजून, काही गाड्यांमध्ये साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दाराच्या आतच असतो, तशी गाडी असेल तर आतली मोठी होल्स शीटने बंद करायच्या भानगडीत पडू नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

रिझल्ट? दार लावल्याचा आवाज पहिल्याच वेळेला बदलला. धप्प. आमचे शेजारचे काका, जे कधी कुठल्या गोष्टीचं कौतुक करत नाहीत, त्यांनी विचारलं नवीन घेतली का. दुसरा फायदा स्पीकरचा, आणि हा मला अपेक्षेपेक्षा जास्त वाटला. कंपनीचेच स्पीकर आहेत, काही बदललं नाही, पण आधी बेस आला की डोअर पॅड खर्रर्र करायचा तो पूर्ण गेला आणि आवाज भरीव झाला, कारण आता स्पीकरच्या जोडीला दाराचा पत्रा वाजत नाही. ज्यांना म्युझिक सिस्टीम अपग्रेड करायची आहे त्यांनी ॲम्प्लिफायरच्या आधी हे करावं असं माझं मत आहे, अर्ध्या खर्चात अर्धं समाधान मिळतं.

छताचं काम किचकट आहे. सन व्हायझर, हँडल, केबिन लाइट, पिलरची कव्हर्स सगळं काढून सिलिंग खाली घ्यावं लागतं आणि ते वाकलं तर कायमची सुरकुती राहते. माझ्या गाडीत फक्त पुढच्या दोन एअरबॅग आहेत म्हणून मी तयार झालो. ज्यांच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत त्यांच्या पडद्याच्या एअरबॅग छताच्या कडेलाच घडी करून ठेवलेल्या असतात, तिथे कोणालाही हात घालू देऊ नका, आणि त्या कडेला शीट किंवा फोम काहीही लावायचं नाही.

पण केल्यावर पावसाळ्यात जो फरक पडला तो दारांपेक्षा मोठा. आधी ताम्हिणीत जोराचा पाऊस लागला की गाडीत बोलायचं म्हणजे ओरडायचं, मागे बसलेल्या आईला काय म्हणाली ते तीन वेळा विचारावं लागायचं. आता पाऊस कळतो पण गाणं ऐकू येतं. कारण सरळ आहे, छत म्हणजे गाडीतला सगळ्यात मोठा सपाट पत्रा आणि प्रत्येक थेंब त्याला वाजवतो, म्हणजे ही शीट ज्या कामासाठी बनली आहे तेच काम.

छताबद्दल एक थाप मात्र सगळीकडे ऐकू येते की फॉइल ऊन परावर्तित करते म्हणून गाडी गार राहते. अहो, फॉइल पत्र्याच्या खाली चिकटलेली आहे, ऊन तिच्यापर्यंत पोचतच नाही, पत्रा तापतो आणि चिकटलेली शीटपण त्याच्याबरोबर तापते. उष्णता कमी करायची तर शीटवर, गाडीच्या आतल्या बाजूने, बंद पेशींचा (क्लोज्ड सेल) फोम लावावा लागतो, मी ६ मिमीचा लावला आहे आणि दुपारी एसी थोडा लवकर पकडतो असं वाटतं, पण ते श्रेय फोमचं.

आता हायवे. काम झाल्यावर एक्सप्रेस वेला मोबाइलच्या अ‍ॅपवर बघितलं तर शंभरच्या स्पीडला दोन-तीन डेसिबलचा फरक, कानाला जेमतेम कळेल एवढा. खडबडीत डांबरी रस्त्यावर मात्र पत्र्याची जी एक भणभण असायची ती नक्की कमी झाली. काँक्रीटवर टायरचा आवाज तसाच. समृद्धीवर तर एवढं लांब काँक्रीट आहे की इगतपुरी ते शिर्डी तोच एक सूर ऐकत जायचं, त्याला शीट काय करणार. तो आवाज टायरमधून, सस्पेन्शनमधून आणि काचांमधून येतो. माझे टायर झिजून कडक झाले होते, ते बदलले तेव्हा या आवाजात जो फरक पडला तो शीटने पडला नव्हता. आणि वाऱ्याची शिट्टी येत असेल तर आधी दाराचं रबर बीडिंग बघा, दाबलं गेलेलं असतं, स्वस्तात बदलून मिळतं.

फ्लोअरला मी नाही म्हणतो कारण बहुतेक गाड्यांना तिथे कंपनीनेच पेंट शॉपमध्ये डांबराचे पॅड भाजून बसवलेले असतात. कार्पेट उचलून बघा, काळे जाड चौकोन दिसतील. त्यावर परत त्या फुल पॅकेजमधली (मला २८,००० सांगितलेलं) शीट लावायची म्हणजे सीट काढा, कन्सोल काढा, वायरिंग हलवा आणि फरक शोधत बसा. फ्लोअरला खरंच काही करायचं तर फोम आणि त्यावर जड व्हिनाइलचा थर लागतो, चौरस मीटरला जवळपास ५ किलोचा, आणि तो एक सलग, भेग न ठेवता. छोट्या गाडीला एवढं वजन आणि एवढा खर्च मला तरी पटत नाही. मोठी डिझेल गाडी असेल, किंवा इलेक्ट्रिक जिच्यात इंजिनच नसल्याने टायरच जास्त ऐकू येतात, तर विचार करा.

माझा हिशोब: चार दारं आणि छत मिळून ४० स्क्वेअर फुटाच्या आसपास शीट, मजुरी, फोम सगळं धरून साडेनऊ हजारांच्या आत. गाडीचं वजन दहा-अकरा किलोने वाढलं असेल, मायलेजमध्ये काही फरक दिसला नाही. दारं घरी करता येतात, एक सुट्टीचा दिवस आणि हात धरायला कोणीतरी पाहिजे, फक्त पॅडच्या क्लिपा आधीच डझनभर आणून ठेवा, जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा काढताना तुटतातच आणि तुटक्या क्लिपांवर पॅड बसवला की जी खडखड नव्हती ती चालू होते. छत मात्र माणसाकडूनच करून घ्या.

उरलेले तुकडे टाकू नका. एक नंबर प्लेटच्या मागे लावला, डिकी आपटली की ती वाजायची. दुसरा किचनच्या स्टीलच्या सिंकला खालून चिकटवला, भांडी घासताना नळाचं पाणी पडल्याचा आवाज निम्मा झाला आणि घरात या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच काम कामाचं ठरलं.