टॅलीत रद्द, बँकेत पास : पगाराच्या डुप्लिकेट चेकने ८०,३८५ रुपयांना चुना

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या युनिटचे पगार बाहेरचा अकाउंटंट करायचा. सोडून गेलेल्या चार कामगारांचे फुल अँड फायनलचे (शेवटच्या हिशेबाचे) बेअरर चेक, म्हणजे जो नेईल त्याला रोख मिळते असे, 'हरवले' म्हणून त्याने दुसरे काढून घेतले. कामगारांना दुसरे मिळाले, पहिले टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) रद्द दाखवून त्याने काउंटरवर वटवले. १८,६४०, २१,३७५, १६,९२० आणि २३,४५०. एकही पन्नास हजारांच्या वर नाही, म्हणजे पॉझिटिव्ह पेचा (मोठ्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याचा) प्रश्नच नाही. हिशेबी माणूस!

टॅलीत ऑल्ट-एक्स दाबलं की व्हाउचर (हिशेबातली नोंद) रद्द होतं, चेक नाही. बँकेला त्याचा पत्ताही नसतो. सहीचा चेक तीन महिने जिवंत असतो. तो मेला पाहिजे तर स्टॉप पेमेंटच (चेक वटवू नका असं बँकेला कळवणं), आणि त्याची पोचपावती हातात घ्या.

खरी चीड इथे येते. स्टॉप पेमेंटला आमची बँक चार्ज लावते. चार चेक थांबवले म्हणे, आणि स्टेटमेंटला चार्जची एक ओळ नाही! उलट त्याच नंबरचे चार डेबिट. ते त्याने सस्पेन्सला (खुलासा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) टाकले, 'बँकेची चूक आहे, रिव्हर्स होईल' म्हणाला. महिनाअखेर, पीएफची पंधरा तारीख डोक्यावर, मालकाने डिस्पॅच बघायचं की सस्पेन्स? एडिट लॉग (कोणती नोंद कुणी, कधी बदलली याची टॅलीतली नोंद) १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचा आहे, आमच्यासारख्या भागीदारी फर्मला नाही. तरी चालू करा, फुकट आहे.

बदली चेक देताना फक्त पेमेंट व्हाउचर नवीन. पेरोल व्हाउचरला (पगाराच्या मूळ नोंदीला) हात लावू देऊ नका, पीएफ-ईएसआयसीचे आकडे हलतात आणि त्या गोंधळात सगळं झाकलं जातं.

बँक म्हणते, बेअरर होता, सही जुळली, पैसे दिले. चेकच्या मागची सही दाखवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, हा तुमचा आपसातला हिशेब, कोर्टात जा. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला तर, ऑनलाइन व्यवहार नाही ना, मग आमचं काम नाही. पोलिसांनी लेखी तक्रार घेतली, पोच द्यायला मात्र 'साहेब राउंडला'. मग तक्रार करायची कुणाकडे, गोदामाईकडे?

बेअरर चेक बंद करा. दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहा, नाहीतर सरळ एनईएफटी. चेक खराब झाला म्हणाला तर तो फाडलेला, नंबर दिसेल असा व्हाउचरला टाचून मागा. आणि बँकेचं लॉगिन पगार करणाऱ्याकडे नको. स्टेटमेंट स्वतः उतरवा.