फ्रॉस्टपंक, काही महिन्यांनंतर: पोरांना कामाला लावायची वेळ का येते

फ्रॉस्टपंक हा गोठलेल्या जगात एक शहर तगवायचा व्हिडिओ गेम. त्यातला 'न्यू होम' हा मुख्य डाव सुरू होतो तेव्हा हाताशी 80 माणसं असतात. 50 कामगार, 15 इंजिनिअर, 15 मुलं. साल 1886, पण आपल्या इतिहासातलं नव्हे. जग गोठलंय, इंग्लंडमधून निघालेला हा जथा उत्तरेकडच्या एका खड्ड्यात बंद पडलेल्या जनरेटरभोवती (कोळशावर चालून शहराला ऊब देणारं अवाढव्य यंत्र) येऊन थांबलाय. बाहेर उणे 20 अंश. डोक्यावर छप्पर नाही, चूल नाही, कोळसा जमिनीवर ढिगांनी पडलेला. वॉर्सातल्या 11 बिट स्टुडिओजचा हा गेम एप्रिल 2018 मध्ये पीसीवर आणि 2019 मध्ये कन्सोलवर आला. दुसरा भाग 2024 मध्ये आला, पण नवख्याने सुरुवात पहिल्यापासूनच करावी. पुढे कथानक थोडं फुटणार आहे, त्याला इलाज नाही.

या गेमबद्दल बोलताना सगळे पडद्यावर उघडणाऱ्या त्या प्रसिद्ध निर्णयाच्या खिडक्यांबद्दल बोलतात. मुलांना कामाला लावायचं का, पाय कापायचा का, मेलेल्यांना बर्फात पुरायचं का. अनेक फेऱ्या झाल्यावर कळतं की ती खिडकी उघडते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. तो दोन-तीन दिवस आधी झाला, लाकूड कुठे खर्च केलं आणि कोणाला कुठे नेमलं त्यात. खिडकीत फक्त बिल येतं.

जेवणाचा हिशेब घ्या, कारण पहिला पेच तिथेच बसतो. माणसाला दिवसाला एक शिधा लागतो, म्हणजे 80 माणसांना 80. कुकहाउसमध्ये दोन कच्च्या मालाचे, म्हणजे न शिजवलेल्या अन्नाच्या दोन नगांचे, चार शिधे होतात. शिकाऱ्यांच्या एका झोपडीवर 15 माणसं लागतात. ती रात्री बाहेर जातात आणि सकाळी 15 कच्चा माल आणतात, म्हणजे 30 शिधे. दोन झोपड्या चालवल्या तर 60 शिधे, रोज 20 माणसं उपाशी. तिसरी झोपडी काढली तर 45 माणसं शिकारीला आणि लाकूड-कोळशाला पाच कामगार उरतात. ते जमणारं नाही.

आता कायद्याचं पुस्तक उघडा. 'सूप' हा कायदा केला की दोन मालाचे पाच शिधे होतात. दोन झोपड्यांवर 75, म्हणजे तूट पाचची. 'फूड अॅडिटिव्ह्ज' केला तर दोन मालाचे सहा, म्हणजे 90, आणि रोज 10 शिल्लक. हा शब्दशः कोंड्याचा मांडा आहे, फक्त कोंडा लाकडाचा, जेवणात मिसळलेला भुसा. सूपने लोक कुरकुरतात, भुशाने अधूनमधून आजारी पडतात. दोन्हींतला एकच करता येतो आणि केलेला कायदा मागे घेता येत नाही. नवखा माणूस 90 चा आकडा बघून भुसा निवडतो. पण पाच शिध्यांची तूट स्काउट्सनी, म्हणजे शहराबाहेर शोधायला पाठवलेल्या तुकड्यांनी, आणलेल्या अन्नातून सुरुवातीला सहज भरते, आणि आजारी माणूस काम करत नाही पण जेवतो, हे गणितात धरलं तर सूपच स्वस्त पडतं. गेम हे सांगत नाही, आठव्या-नवव्या दिवशी दवाखाना भरला की कळतं.

मुलांच्या कामाचा मोह याच आकड्यांतून येतो, आणि इतका चपखल येतो की बनवणाऱ्यांनी मुद्दाम मोजून ठेवलाय असं वाटतं. पहिल्या पायरीचा कायदा मुलांना फक्त 'सुरक्षित' कामावर ठेवू देतो. गॅदरिंग पोस्टवर (आसपासच्या ढिगांतून माल गोळा करायचं ठाणं) 10 जागा, कुकहाउसमध्ये पाच. मुलं 15. एक पोस्ट आणि एक कुकहाउस मुलांनी बरोबर भरतात, तिथली 15 मोठी माणसं मोकळी होतात, आणि 15 म्हणजे शिकाऱ्यांची एक अख्खी झोपडी. एका सहीत रोजचे 30 शिधे वाढले. कोण नाही म्हणेल? पुढची पायरी मुलांना इतर कामांवरही पाठवते. तिथून अपघाताच्या बातम्या सुरू होतात.

दुसरी वाट मुलांच्या निवाऱ्याची. तो बांधायला लाकूड लागतं, जनरेटरच्या ऊबेतली जागा जाते, आणि मुलं काम करत नाहीत. फायदा उशिरा दिसतो. पुढच्या कायद्याने मुलांना इंजिनिअरांच्या किंवा वैद्यांच्या हाताखाली शिकायला ठेवता येतं, मग संशोधन किंवा उपचार थोडे वेगाने होतात. दीर्घ पल्ल्यात ही वाट नुकसानीची नाही, मीडियम या मधल्या काठिण्यपातळीवर तर अजिबात नाही. अडचण पहिल्या चार दिवसांची आहे.

ते चार दिवस असे काढता येतात. पहिल्या सकाळी कुठलीही पोस्ट न बांधता माणसं थेट ढिगांवर नेमायची, एका ढिगावर 15. आधी लाकूड आणि कोळसा, पोलाद थोडंसं. जनरेटर दिवसा पेटवायची घाई करू नये. उणे 20 मध्ये दिवस निघतो, कोळसा रात्रीसाठी राखावा, माणसं तंबूत शिरली की जनरेटर लावावा आणि सकाळी बंद करावा. एक तंबू 10 लाकडांचा आणि 10 माणसांचा, म्हणजे आठ तंबूंना 80 लाकूड लागतं. पण सगळे एकाच दिवशी बांधायचा हट्ट धरला तर वर्कशॉप, म्हणजे जिथे इंजिनिअर संशोधन करतात ती इमारत, मागे पडतं, आणि वर्कशॉप मागे पडलं की पुढचं सगळंच. पहिला कायदा इमर्जन्सी शिफ्टचा करावा आणि ती पहिल्या रात्री फक्त वर्कशॉपवर लावावी. 24 तास काम चालतं, लोक चिडतात, पण ओझं पाच इंजिनिअरांपुरतं राहतं. तीच शिफ्ट त्याच जागी पुन्हा पुन्हा लावली तर कामावर माणूस दगावतो, तेव्हा चटक लागू देऊ नये. त्यामागून एक्स्टेंडेड शिफ्ट खुली होते, 10 तासांचा कामाचा दिवस 14 तासांचा होतो. तासांच्या हिशेबाने हे चाळीस टक्के जास्त काम आहे, आणि मुलांच्या हातांची गरज बहुतेक भरून निघते. अर्थात मोठ्यांना पिळून. फुकट इथे काहीच नाही.

गेम हरायचे दोन मुख्य रस्ते खालच्या दोन पट्ट्यांवर दिसतात, आशा आणि नाराजी. आशा तळाला गेली किंवा नाराजी शिगेला पोचली की लोक मुदत देतात, आणि तेवढ्यात सुधारलं नाही तर तुम्हाला शहराबाहेर हाकलतात. लोकांना दिलेल्या वचनांनी नवखे इथेच फसतात. 'इतकी घरं गरम करू' म्हणून होकार दिला की तेव्हा बरं वाटतं, पण मुदत चुकली तर आशा जास्त घसरते. वचन देण्याआधी वरचा तापमानाचा अंदाज बघावा. दोन दिवसांत उणे 40 येणार असेल तर आज गरम असलेली घरंही तेव्हा थंड पडतील, कारण 10 अंश उतरले की घराची एक पायरी उतरते.

आजारपणाचंही तसंच. पंधरा इंजिनिअरांपैकी पाच वर्कशॉपमध्ये, पाच मेडिकल पोस्टमध्ये, उरले पाच. मेडिकल पोस्टमध्ये पाच खाटा. थंडीचा पहिला मोठा झटका हीटर न बसवलेल्या कारखान्यांवर आला की एका दिवसात 12-15 आजारी होतात, आणि त्यांतले न तपासलेले गंभीर होतात. मग खिडकी विचारते, जगवत ठेवायचं की अवयव कापायचे? जगवत ठेवलेले गंभीर रुग्ण मेडिकल पोस्टमध्ये बरे होत नाहीत, त्यांना इन्फर्मरी, म्हणजे पुढच्या पायरीचा दवाखाना लागतो, आणि त्याला लागणारे स्टीम कोअर हे यंत्रभाग मोजकेच मिळतात. कापलेला माणूस कृत्रिम अवयव मिळेपर्यंत कामाला येत नाही, आणि ते बनवायला फॅक्टरी लागते. दोन्हीकडे माणूस जिवंत राहतो आणि जेवतो. इन्फर्मरी लवकर जमणार असेल तर पहिलं, फॅक्टरी जवळ असेल तर दुसरं. त्याहून सोपं म्हणजे थंडीच्या दिवशी गोठलेली सॉमिल एक दिवस बंद ठेवणं. दहा माणसांचं एका दिवसाचं लाकूड बुडतं, पण दहा खाटा वाचतात. बंद ठेवण्याचं बटण गेममध्ये पहिल्या मिनिटापासून आहे, तरी बहुतेक जण ते दाबत नाहीत.

पहिला माणूस मेला की प्रेताचं काय करायचं हा प्रश्न येतो. दफनभूमी किंवा बर्फाचा खड्डा. यावर फार डोकं लावू नये, दफनभूमी घ्यावी. खड्ड्याचा खरा उपयोग पुढे अवयव काढायला, आणि वरचा हिशेब नीट ठेवला तर ती पाळी येत नाही.

गेमचा सगळ्यात हुशार भाग मध्यावर आहे. स्काउट्स विंटरहोम या दुसऱ्या शहरापर्यंत पोचतात आणि ते उद्ध्वस्त सापडतं. आशा धाडकन पडते. काही लोक लंडनला परतायचं म्हणून जमायला लागतात, त्यांची संख्या दिवसागणिक वाढते. इथे कायद्यांचं नवं पान उघडतं, ऑर्डर (शिस्त) किंवा फेथ (श्रद्धा). पहारेचौक्या किंवा प्रार्थनाघरं. पहिले दोन-तीन कायदे साधे आहेत आणि खरंच उपयोगी आहेत, चौकीच्या आसपासच्या घरांत आशा वाढते, संध्याकाळच्या प्रार्थनेने वाढते. गोम अशी की पुढचा कायदा केला की आशेची पट्टी वर उसळते, तीही लगेच, डोळ्यांसमोर. लंडनवाल्यांची मुदत संपत आलेली असताना दर काही तासांनी एक गोड गोळी समोर ठेवलेली असते. चौकीनंतर तुरुंग, तुरुंगानंतर चौकशा, आणि शेवटच्या कायद्याला आशेची पट्टीच पुसली जाते, कारण आता ती लागतच नाही. कोणी जबरदस्ती केलेली नसते. हुकूमशाही पायरीपायरीने कशी गळी उतरते हे इतक्या कमी शब्दांत दाखवणारा दुसरा गेम सांगता येणार नाही.

त्यातून सुटायचं तर विंटरहोमला स्काउट पोचण्याआधीच तयारी हवी. सगळी घरं गरम, कोणी उपाशी नाही, दवाखान्यात रांग नाही, एकही वचन लटकलेलं नाही. मग नाराजी तळाशी असते, पडलेली आशा दोन-तीन साध्या कायद्यांनी आणि पाळलेल्या वचनांनी भरून येते, आणि लंडनवाल्यांचा गट विरघळतो.

शेवटच्या वादळात पारा उणे 150 पर्यंत जातो. शिकारी बाहेर पडत नाहीत, अन्न पिकवणारी हॉटहाउसं बंद पडतात, तेव्हा शिधा आणि कोळसा आधीच साठवलेला हवा. आणि नेमके त्याआधी निर्वासितांचे जथे येतात, बरेच आजारी. दुष्काळात तेरावा महिना. सगळे घ्या, धडधाकट तेवढे घ्या, किंवा परत पाठवा. इथेही उत्तर कोठारात असतं. दर 10 माणसांमागे रोजचे 10 शिधे, एक घर आणि दोन-तीन खाटा मोकळ्या असतील तर सगळे घ्यावेत.

आता तक्रारी. शहर वाचल्यावर शेवटी गेम तुमच्या निर्णयांची यादी वाचतो आणि नीतीची रेषा ओलांडली असेल तर विचारतो, हे करण्यासारखं होतं का? ही रेषा नक्की कुठे आहे ते खेळताना सांगितलेलं नसतं. न ओलांडता जिंकलं तर 'गोल्डन पाथ' हे अचिव्हमेंट मिळतं, म्हणजे नीतीलाही बिल्ला. खटकतं ते असं की मापलं जातं ते मुख्यतः सहीवरून. हीटर बसवायचा आळस केला म्हणून गारठून मेलेल्या 20 जणांबद्दल तितकं कोणी झापत नाही, भुकेपोटी केलेल्या कठोर कायद्याबद्दल मात्र प्रवचन मिळतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. नकाशा तोच, विंटरहोम तेच, वादळ तेच. तिसऱ्या-चौथ्या फेरीत पेच उरत नाही, वेळापत्रक उरतं. मुलांचा कायदा म्हणजे 'अधिक 15 हात' एवढंच दिसायला लागतं. सेव्ह करून मागे जायची सवय असेल तर हे दुसऱ्याच फेरीत होतं. सर्व्हायव्हर मोडमध्ये पॉज नाही आणि सेव्ह फक्त बाहेर पडताना होतं, तिथे चुकीची किंमत राहते, पण तो मोड अतिशय कठीण आहे आणि पहिल्या दोन फेऱ्यांत त्याच्या वाटेला जाऊ नये. मधला मार्ग म्हणजे हार्डवर खेळणं, मागचं सेव्ह न उघडणं, आणि सुरू करण्याआधी कागदावर दोन नियम लिहून ठेवणं, जसं मुलांना काम नाही आणि निर्वासित परत पाठवायचे नाहीत.

याच कंपनीचा 2014 चा 'धिस वॉर ऑफ माइन' इथे वरचढ ठरतो. 1992 ते 1996 च्या सारायेवोच्या वेढ्यावरून तो सुचलेला. त्यात एका पडक्या घरातली तीन-चार माणसं, पाव्ले, ब्रुनो, कात्या अशा नावांची. रात्री एकाने पिशवी घेऊन बाहेर जायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं, त्यांचं औषध आणि डबे उचलले तर उचलणारा माणूस दुसऱ्या दिवशी खचून बसतो, आणि हे पुन्हा पुन्हा घडलं तर कामालाही उठत नाही. पोलंडने 2020 मध्ये तो शाळेच्या सुचवलेल्या वाचनात घेतला, ते उगाच नाही. तिथे चेहरा असतो. फ्रॉस्टपंकमध्ये आकडा असतो.

चेहरा इथेही आहे, फक्त शोधावा लागतो. मुलांच्या कायद्यावर सही करण्याआधी गेम पॉज करावा, झूम करून बर्फातून चालणाऱ्या एखाद्या ठिपक्यावर क्लिक करावं. नाव येतं, घरातलं नात्याचं माणूस कोण ते येतं. मग शिकाऱ्यांच्या झोपडीचा आकडा परत बघावा. बहुतेक वेळा तूट पाच शिध्यांची असते.