तांब्याचा इमर्शन चिलर आणि सांगलीचं पाणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बिअरसाठी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा उकळतात, तो वर्ट. यीस्ट घालण्याआधी तो झटपट निववायला त्यात तांब्याच्या पाइपाची गुंडाळी बुडवून आतून थंड पाणी सोडतात, हाच इमर्शन चिलर. सप्टेंबर ते मे, बिअरची २० लिटरची तेवीस आधणं या चिलरनं थंड केली. निकाल आधीच सांगून टाकतो: वस्तू चांगली आहे, पण सांगलीत ती कशी चालेल हे तांब्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीवर जास्त ठरतं. कायद्याचंही एकदाच सांगतो. परवान्याशिवाय बिअर बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. ही आधणं परवाना असलेल्या जागेतली, चाचणीची.

पाइप एसीला वापरतात तोच मऊ तांब्याचा: बाहेरून ३/८ इंच, जाडी ०.७ मिमी, लांबी १५ मीटर, वजन अडीच किलोच्या थोडं वर. २५ सेंमी व्यासाचे पंधराएक वेढे, ३६ सेंमीच्या पातेल्यात नीट बसतात. गुंडाळी आली तेव्हा वेढे एकमेकांना चिकटलेले होते. तसेच ठेवले तर मधून वर्ट फिरत नाही आणि निम्मं तांबं फुकट जातं. तांब्याच्याच तारेनं बांधून वेढ्यांत ३-४ मिमी फट ठेवली. स्वतः वळवणार असाल तर मोठे वेढे डब्याभोवती हातानं वळतात. काटकोनाच्या वळणाला मात्र पाइप चेपतो, तिथे स्प्रिंग बेंडर (पाइप न चेपता वळवायची स्प्रिंग) घ्याच.

आता पाण्याचं. जाहिरातीत पंधरा मिनिटं लिहितात, ती दाबाच्या नळावरची. एवढ्या बारीक आणि लांब पाइपातून मिनिटाला ५ लिटर पाणी जायला साधारण सात मीटर उंचीचा दाब लागतो. एकमजली घराच्या टाकीवर आम्हाला ३ लिटरच मिळाले. जानेवारीत टाकीचं पाणी २४ अंश असताना १०० वरून ३५ वर यायला वीस मिनिटं आणि ६० लिटर पाणी लागलं. मे महिन्यात दुपारी त्याच टाकीचं पाणी ३५ अंश. मग वर्ट ४० च्या आसपास येऊन अडून बसतो. पाण्यापेक्षा थंड तो होणारच नाही, कितीही सोडा. उन्हाळ्यात आधण पहाटे लावा किंवा थेट बोअरचं पाणी वापरा, ते बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार धरतो. दोन-तीन महिन्यांनी लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्व घालून अर्धा तास फिरवलं की मोकळा होतो.

ढवळणं याहून महत्त्वाचं. स्टीलपेक्षा तांबं कितीतरी पट चांगला उष्णतावाहक खरं, पण भिंत एवढी पातळ असते की अडथळा धातूचा नसतोच. पाइपाभोवती थंड झालेल्या वर्टाचा थर साचतो, तो अडवतो. पातेलं नुसतं ठेवलं तर पस्तीस-चाळीस मिनिटं, हळूहळू ढवळत राहिलं तर वीस. फक्त गुंडाळी वरखाली करू नका, सांधे सैल होतात.

घाई कशासाठी? वर्ट ८० अंशांच्या वर रेंगाळला की फिकट माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास तयार होत राहतो, आणि उकळीची वाफ थांबल्यावर तो उडून जात नाही. पुढे ५० च्या खाली जिवाणूंची चंगळ.

एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टसाठी २० अंश हवेत, तर ३५ च्या पुढचं काम बर्फाचं. बादलीत लादीचा बर्फ आणि पाणी, त्यात कूलरचा पंप, परतीचं पाणी पुन्हा बादलीत. हिशेबानं पावणेचार किलो बर्फ वितळायला हवा, प्रत्यक्षात पाच-सहा लागतो. उकळत्या वर्टावर बर्फ लावणं म्हणजे पैसे नाल्यात. कूलरचा १८ वॅटचा पंप मिनिटाला जेमतेम दोन लिटर ढकलतो. ४० वॅटचा घ्या. मे महिन्यात आम्ही क्वाइक यीस्ट वापरलं, ते ३५ अंशांनाही खूश असतं, बर्फाची भानगडच नाही.

तांब्याबद्दल शंका हमखास येते, कारण आंबट पदार्थ कळकतात हे घरोघरी माहीत आहे. काळपट तपकिरी रंग चालतो. हिरवा कळंक मात्र चिंच-मिठानं घासून पूर्ण काढायचा, मगच पातेल्यात. वर्ट थोडा आंबट असतो, त्यामुळे गुंडाळी बाहेर निघते तेव्हा लख्ख असते. जे तांबं उतरतं त्यातलं बरंचसं गाळात आणि यीस्टबरोबर खाली बसतं. पण आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये ही गुंडाळी कधीच बुडवू नका, तांब्यानं बिअर लवकर शिळी लागते. ब्लीचही नको, तांबं काळं पडतं.

तक्रारी दोन. सोबत आलेला हिरवा बागेचा पाइप पहिल्याच आधणात मऊ पडून निसटला, कारण सुरुवातीचं पाणी ८० अंशांच्या आसपास बाहेर येतं. सिलिकॉनचा पाइप आणि स्टीलच्या क्लिपा लावल्या. (ते पहिलं १५-२० लिटर गरम पाणी भांडी धुवायला ठेवा.) दुसरी गंभीर आहे: पाइपाचा सांधा बरोबर पातेल्याच्या वर येत होता. तिथून ठिबकलं तर नळाचं कच्चं पाणी थेट वर्टात. दोन्ही टोकं काठाबाहेर १० सेंमी वळवून घेतली.

उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांना गुंडाळी आत सोडा, निर्जंतुक होते. त्याआधी आतलं पाणी फुंकून काढा, नाहीतर ते उकळून टोकातून वाफेसकट उडतं, हात भाजेल. वापर झाल्यावर लगेच धुवा, पुन्हा फुंका आणि टोकं खाली करून टांगा. पावसाळ्यात ओली ठेवली की चार दिवसांत हिरवी.